मॅडमच्या शेजारचा माणूस

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. आमच्या गल्लीच्या तिठ्यावर कुणीतरी अमावास्येला उतरून टाकलेला नारळ उचलून आणून त्याची चटणी केलेली बाई आहे मी… आईने आठ दिवस अबोला धरला होता. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते आणि बहुतेक वेळा ‘झोप नीट झाली नसेल बिचाऱ्याची’ असं म्हणून पान उलटते. म्हणूनच हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. लिहितेय ते एवढ्यासाठी, की त्या वेळी एक फोटो मी कचऱ्यात टाकायला निघाले होते. टाकला असता, तर आपला नवरा आपल्याला सोडून पळाला की त्याचं काही बरंवाईट झालं, हे एका बाईला जन्मात कळलं नसतं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी पंचवीस वर्षांची, घर अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मानसशास्त्रात एम.फिल. करत होते. विषय होता, साक्षीदार आरोपीला ओळखतो कसा आणि त्यात चुकतो कसा. पोलिसांची ओळखपरेड तुम्ही ऐकली असेल. पाच-सहा माणसं ओळीने उभी करतात, साक्षीदाराने बोट दाखवायचं. त्यात संशयित एकच, बाकीचे भरतीचे. म्हणजे ज्यांचा त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही असे. साक्षीदाराने भरतीच्या माणसाकडे बोट दाखवलं, की तो चुकला असं धरायचं. साधा नियम, आणि माझा सगळा अभ्यास त्यावर उभा होता.

मी माणसांऐवजी फोटो वापरायचं ठरवलं. ‘चोर’ होणार होता माझा मावसभाऊ सतीश… बारीक अंगाचा, मिशी ठेवलेला. त्याच्याशी थोडेफार मिळतेजुळते पुरुषांचे फोटो हवे होते. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एक लहानसा स्टुडिओ होता, मालक साठीचे सिंधी काका. मी काम सांगितलं तर त्यांनी बुटाचा एक खोका काढून माझ्यासमोर उपडा केला.

“पासपोर्ट साइज ना? अरे बेटी, बहुत पडे हैं. लोक फोटो काढतात, घ्यायला येतच नाय. कुणाला नोकरी नाय लागली, कुणाचा लगीन मोडला, कोण गावाला गेला. मैं फेकता नहीं. किसी का चेहरा कैसे फेकूं? तू घेऊन जा, कामाला तरी येतील.”

मी सहा चेहरे निवडले आणि आनंदात घरी आले. हे लोक कोण, फोटो न्यायला का आले नाहीत, असला एकही प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. न नेलेला फोटो म्हणजे कुणाचाच नाही, असं मी धरून चालले. संशोधन करणाऱ्या बाईने हे असं काही धरून चालावं, याची मला आजही लाज वाटते.

मुख्य प्रयोगाआधी एक छोटा, चाचणीपुरता प्रयोग करतात. त्याला पायलट म्हणतात. तो मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात केला, बी.ए.च्या वर्गात, भर दुपारी. दिवस डिसेंबरचे, कोरडे. वर्गात बत्तीस मुलं. पुढे त्यांच्या मॅडम शिकवत होत्या आणि मी साडी नेसून, मोठी दिसायचा प्रयत्न करत, मागच्या दाराशी घड्याळ घेऊन उभी होते. फोटोंचं पाकीट माझ्या पिशवीत, पिशवी त्याच दाराच्या कडीला अडकवलेली. ठरल्याप्रमाणे सतीश पुढच्या दाराने आत आला, टेबलावरचा टेपरेकॉर्डर उचलला, बाकांच्या मधून चालत माझ्या बाजूने मागच्या दाराने निघून गेला. साहजिकच सगळी मुलं मान वळवून मागे बघत राहिली. मग त्यांच्या मॅडमनी शिकवणं पुढे चालू केलं आणि तास संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

आठ दिवसांनी मुलांना एकेकट्याने बोलावून सहा फोटोंचा कागद दाखवला. निम्म्यांच्या कागदात सतीश होता, निम्म्यांच्यात मुद्दाम नव्हता. प्रत्येकाला एकच सूचना… ‘तो माणूस यात असेल किंवा नसेलही.’ फोटोंच्या प्रती काढून क्रम दर कागदाला बदललेला, मूळ फोटो एका कागदावर हलके चिकटवलेले. प्रत्येक फोटोच्या मागे फक्त माझ्यासाठी क, ख, ग, घ अशी अक्षरं.

रविवारी सकाळी जमिनीवर कागद पसरून मी आकडेमोड करायला बसले. चार रेघा, पाचवी आडवी. सतीश नसलेल्या कागदांवर बहुतेकांनी ‘यात नाही’ म्हणायला हवं होतं. आणि चुकायचंच तर सगळ्यांनी वेगवेगळं चुकायला हवं, थोडे क, थोडे ग. पण रेघा एकाच रकान्यात वाढत गेल्या. घ… पुन्हा घ… पुन्हा घ. सतीश असलेल्या कागदांवरसुद्धा कितीतरी जणांनी सतीशला सोडून घवर खूण केली होती. मी पुन्हा मोजलं, मग आईला वाचायला बसवून तिसऱ्यांदा मोजलं. निम्म्याहून जास्त वर्गाने घ निवडला होता.

घ म्हणजे तिशीचा एक माणूस. चौकड्यांचा शर्ट, वरचं बटण लावलेलं, केस पाण्याने चापून बसवलेले. कॅमेऱ्याकडे बघताना थोडा घाबरलेला. बस, एवढंच.

माझे मार्गदर्शक सर कागद बघून हसले. “फोटोतच काहीतरी असेल. पार्श्वभूमी वेगळी, डोळे वेगळे. ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही, अशा लोकांना नुसतं चोराचं वर्णन सांग आणि अंदाजाने फोटो निवडायला लाव. तेही घच निवडतील. मग दोष फोटोचा.”

मला पटलं. सोमवारी शिवमंदिराच्या वाटेवर फुलं-बेल विकणाऱ्या बायका, दर्शनाला आलेले लोक, आमचे शेजारी, जो भेटेल त्याला मी वर्णन वाचून दाखवलं आणि फोटो पुढे केले. “अगो, चोर शोधतेस की नवरा?” असं एका आजींनी विचारलंही. मतं सगळीकडे विखुरली. घला मत द्यायला जवळजवळ कुणीच तयार नव्हतं.

म्हणजे दोष फोटोचा नव्हता. मुलांनी घ निवडला तो फोटो बघून नव्हे, आठवून.

मग मी कागद पुन्हा काढले. प्रत्येक कागदाच्या तळाशी एक प्रश्न होता — ‘आणखी काही आठवतं का?’ आम्ही संशोधक लोक आधी आकडे मोजतो, वाक्यं शेवटी वाचतो. ती मी वाचलीच नव्हती. आता वाचायला घेतली.

‘चोर हा नाही, पण हा पण तिथे होता.’

‘मागच्या दाराजवळ, मॅडमच्या शेजारी उभा होता.’

‘कंपनीचा खाकी ड्रेस, पूर्ण ओला.’

‘पायात चप्पल नव्हती. काही बोलला नाही.’

‘नवीन मॅडमच्या पिशवीकडे बघत होता.’

नवीन मॅडम म्हणजे मी. मागच्या दाराशी माझ्याशिवाय कुणीही नव्हतं. मी तिथे उभी होते हो… पाऊण तास!

पोरांनी मिळून माझी फिरकी घेतली, हे मी लगेच ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले आणि त्यातली सगळ्यात गरीब, मान खाली घालून बसणारी मुलगी गाठली. सरळ झापलंच तिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मॅडम, शप्पथ, आम्ही काही ठरवलं नाही. मला वाटलं ते तुमच्याच प्रयोगातले आहेत. तुम्ही त्यांच्याकडे बघत पण नव्हता, म्हणून मीपण मुद्दाम बघितलं नाही. त्यांच्या कपड्यातून पाणी ठिबकत होतं. मला वाटत होतं, तुमची साडी खराब होणार.”

“तुला तो त्या चोराबरोबर आत आलेला दिसला?”

“नाही मॅडम. तो चोर यायच्या आधीपासून ते तिथेच होते. तुम्ही पिशवी अडकवली ना, तेव्हापासून.”

घरी येऊन मी सतीशला विचारलं. तो जेवत होता. “माणूसबिणूस नाही पाहिला मी. टेपरेकॉर्डर सांभाळू का माणसं मोजू? पण फरशी ओली होती तिथली. घसरता घसरता वाचलो. तुला तेव्हाच बोललो होतो, तू म्हणालीस शिपायाने पुसली असेल.”

खरंच बोलला होता तो. मी विसरून गेले होते.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे बघ, पायलट असतो तो असला कचरा काढून टाकण्यासाठीच. घ बाद कर, दुसरा फोटो लाव आणि कामाला लाग. मुदत जवळ आलीये तुझी. ओले कपडे आणि खाकी ड्रेस प्रबंधात लिहिलेस ना, तर तुझ्याबरोबर मलाही घरी बसवतील.” सर चुकीचं काही बोलत नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते.

घरी येऊन मी मूळ कागदावरचा घ काढायला घेतला. कडेने कात्री घालून उचकटला, तसा तो उलटा हातात आला. पाठीवर माझ्या घच्या खाली पेन्सिलीने लिहिलेला एक पुसट नंबर होता, स्टुडिओचा. इतके दिवस तो मी पाहिलाच नव्हता. कचऱ्याची टोपली पायाशी होती. खोटं कशाला सांगू, एक क्षण वाटलं, टाक आणि मोकळी हो. पण माझा स्वभाव वाईट. उत्तर मिळाल्याशिवाय मला जेवण जात नाही. मी रिक्षा पकडली आणि कॅम्प चारला गेले.

काकांनी नंबर बघून खालच्या कपाटातून एक गठ्ठा काढला. “फोटो वेगळे, कागद वेगळे. कागद तर मी कुणालाच देत नाय.” त्या नंबराच्या पाकिटात घडी घातलेला एक फॉर्म निघाला, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटपासचा. फोटो चिकटवायची चौकट रिकामी. नाव, काळूराम. गाव, बदलापूरच्या पुढे बारवीच्या बाजूचा एक पाडा. तारीख जुलैची.

“याद आया,” काका म्हणाले. “बहुत बारिश थी. बोलत होता, आज पहिला दिवस आहे कामाचा, पास पाहिजे. मी बोललो, संध्याकाळी मिळेल, मीच चिकटवून देतो. तो बोलला, ठीक है, काम करून येतो शाम को. नहीं आया.”

दुसऱ्या दिवशी सतीशच्या स्कूटरवरून आम्ही पाड्यावर गेलो. भाताच्या पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. काळूरामचं घर शेवटचं. दारात एक बाई तांदूळ पाखडत बसलेली, माझ्यापेक्षा लहानच असेल. तिचं नाव हिरा. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

नाव काढताच तिचं सूप थांबलं.

“सापडला काय तो?”

मी काही बोलायच्या आत तीच बोलत सुटली. “सकाळचा कामाला गेला, परत आला नाय. ठेकेदार सांगतो, तो त्या दिशी आलाच नाय. गेटावर नाव नाय, म्हंजे आला नाय. गावात बोलतात, सुरतेला पलाला, बाई केली त्याने. सासरचे मलाच बोलतात, तुज्यात काय खोट होती म्हनून गेला. चौकीवर गेली तर सांगतात, फोटो आन, मग लिवून घेतो. फोटो कुटून आनू? लग्नात पन काडला नव्हता आमी.”

बाकीचे पाचही सोडवून घेतलेले, असे सहाही फोटो माझ्या पिशवीत होते. नुसता घ तिच्या हातात दिला असता तरी चाललं असतं. पण नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बाईला तुम्ही एकच फोटो दाखवलात, तर ती कुणालाही ‘हाच’ म्हणेल. म्हणून मी तिच्या सुपाशेजारी सहाही फोटो ओळीने मांडले. आवाज शक्य तितका कोरा ठेवून म्हटलं, “तो यात असेल किंवा नसेलही.”

तिने बोट दाखवलं नाही. घच्या फोटोवर सगळा तळहात ठेवला आणि तसाच दाबून धरला.

“तोंड इसरत चालली होती मी त्याचं,” ती म्हणाली. “रोज आटवायची, रोज थोडं कमी व्हायचं.”

मला तिच्याकडे बघवेना. फोटो कुठे मिळाला, ते मी सांगितलं. वर्गातलं सांगितलं नाही. धीरच झाला नाही माझा. फक्त सहज विचारल्यासारखं विचारलं की त्या दिवशी अंगावर काय होतं. ती म्हणाली, “ह्योच की, चौकड्याचा शर्ट. पायात नवी चप्पल, कामासाटी घेतलेली.” मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! खाकी नाही, अनवाणी नाही. म्हणजे मुलं चुकली. भरतीच्या फोटोला बोट दाखवणारा साक्षीदार चुकलेलाच असतो. नियम शाबूत होता.

फोटो तिच्याकडे ठेवून मी घरी आले, नवीन फोटो लावला आणि मुख्य प्रयोगाला लागले.

त्या एका फोटोने पुढचं काम केलं. आता चौकीवर तक्रार लिहून घ्यावीच लागली. फोटो कंपनीच्या आसपास फिरला आणि एका कामगाराला पुढे गप्प बसवेना. त्याने सांगितलं, हा माणूस आला होता. पास नव्हता म्हणून ठेकेदाराने मागच्या बाजूने आत घेतला, म्हणून गेटावर नाव नाही. शर्ट खराब होईल म्हणून दुसऱ्याचा खाकी ड्रेस चढवला, चप्पल वर काढून ठेवली आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत साफसफाईला उतरला, तो वर आलाच नाही. ती टाकी नंतर बंद केलेली होती, झाकणावर सिमेंट ओतून. ते फोडलं तेव्हा तो तिथेच होता. खाकी ड्रेसमध्ये, अनवाणी.

ही बातमी मला सतीशने सांगितली. मी मुलांचे कागद काढून ती वाक्यं पुन्हा वाचली. ठेकेदारावर केस झाली, ती बरीच वर्षं चालली, त्यात मी इथे शिरत नाही. पण फोटोत खाकी ड्रेस नव्हता. हिराला तो माहीत नव्हता, मला नव्हता, काकांना नव्हता. तो जिथे होता तिथे दिवसाउजेडी कुणाची नजर पोचणं शक्य नव्हतं, आणि महिनाभर आधी विशीतल्या मुलांनी तो निळ्या शाईने लिहून दिला होता. सर म्हणाले, योगायोग. त्या शब्दावर माझं समाधान व्हावं म्हणून मी खूप प्रयत्न केले. मुलांच्यात कुणी त्या कंपनीतल्या कामगाराचं आहे का, तेही खोदून पाहिलं. कुणी नव्हतं.

शिवरात्रीची जत्रा उलगल्यावर एक दिवस हिरा आमच्या घरी आली. पदरात नवे तांदूळ बांधून आणलेले. कपाळ मोकळं होतं. ओट्यावर बसली, चहाचा पेला हातात धरून राहिली.

“पलाला नव्हता ताई,” ती म्हणाली. “कामाला गेलेला.” थोड्या वेळाने परत तेच म्हणाली. मग म्हणाली, “आता गावात खाली बगून चालत नाय मी.”

तेव्हा मला राहवलं नाही. वर्गातलं सगळं सांगून टाकलं. मुलांनी काय लिहिलं, तो कुठे उभा होता, कपडे, पाणी. वाटलं होतं ती घाबरेल, रडेल, निदान माझ्यावर चिडेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमाला नाय दिसला?”

“नाही.”

“तुमच्या बाजूला होता ना?”

“मुलं तसं म्हणतात.”

“किती येल उभा होता?”

“तास संपेपर्यंत. पाऊण तास.”

तिने चहाचा पेला खाली ठेवला.

“येवडी बाकडी असतील तितं,” ती म्हणाली. “कुनी बस नाय म्हनलं त्याला?”

मी एम.फिल. पूर्ण केलं. प्रबंधात या सगळ्याबद्दल एकच ओळ आहे — ‘पायलटनंतर एक छायाचित्र बदलण्यात आले.’ पुढे तीस वर्षं मी हाच विषय शिकवला. तो माणूस त्या मुलांना कसा दिसला आणि हाताच्या अंतरावर असून मला का दिसला नाही, याचा उलगडा मला झालेला नाही, होईल असं वाटतही नाही. पण त्याहून जास्त मला तिचा तो प्रश्न छळतो. त्या दिवशी मी तिचा पेला उचलला. चहा निवला होता, तो आत नेऊन पुन्हा गरम करून आणला.